७८च्या रेकॉर्डची खरखर सॉफ्टवेअरने जातच नाही? आधी सुई बघा, मग बाकीचं

आजोबांच्या ट्रंकेत ७८च्या रेकॉर्डी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या सापडतात, कोणीतरी टर्नटेबल घेतं, यूएसबीने लॅपटॉपला लावतं, ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतं, नॉइज रिडक्शन मारतं आणि मग गाणारा माणूस विहिरीत उतरून गातोय असं ऐकू येतं. नॉइज रिडक्शन कमी केलं की खरखर परत हजर, वाढवलं की गळाच गायब. मग प्लगइन बदलून बघतात, पैसे भरून भारीतलं सॉफ्टवेअर घेतात, तरी तेच. हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं म्हणणं आधीच सांगतो, यातली बरीचशी घाण रेकॉर्डवर नसतेच, ती वाजवताना आपण घालतो, आणि आपणच घातलेली घाण नंतर सॉफ्टवेअरने उपसत बसणं म्हणजे नुसती डोकेफोड आहे.

तर पहिलं काम, काहीही विकत घ्यायच्या आधी हेडफोन लावून बसायचं. सुई वर, मोटर बंद, आणि आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवा. घुंई ऐकू आली तर ती वायरिंगची, रेकॉर्डचा काही संबंध नाही. आता सुई वरच ठेवून मोटर चालू करा, घुंई वाढली तर मोटर किंवा तिचा अडॅप्टर. मग आवाज कमी करून मोटर बंद करा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि हळूहळू आवाज वाढवा. आता जे ऐकू येईल ती तुमची बिल्डिंग. दादर-माटुंग्याला लाइनीच्या बाजूला राहत असाल तर फास्ट लोकल जाताना स्क्रीनवरचा ग्राफ फुगताना दिसेल, गिरगावातल्या लाकडी जमिनीच्या चाळीत शेजारच्या खोलीतली पावलं येतील, पाण्याचा पंप लागला तर तोही येईल. हे सगळं झाल्यावरच रेकॉर्ड वाजवायची, आणि आता नवीन जे काही ऐकू येतंय तेवढंच सुई आणि रेकॉर्डचं.

बिल्डिंगच्या घरघरीला उपाय स्वस्त आहे. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा एक जाड तुकडा आणा, खाली रबराचे चार तुकडे, वर टर्नटेबल. लाकडी जमीन असेल तर टेबलाचा नाद सोडा, भिंतीला ब्रॅकेट मारून त्यावर ठेवा, पावलांचा त्रास एकदम कमी होतो. पंखा बंद. रात्री लोकल बंद असतात त्या दोन-तीन तासांत रेकॉर्डिंग उरकणारे लोकही मला माहीत आहेत, पण तितकं करायची गरज सगळ्यांना पडत नाही, कारण या जुन्या रेकॉर्डींवर तितक्या खालचं संगीत नसतंच, नंतर ३०-४० हर्ट्झच्या खालचं बिनधास्त कापून टाकता येतं.

वायरिंगची घुंई मात्र नीट बघा. टर्नटेबलमधून एक बारीक सुटी वायर येते, टोकाला इंग्रजी यू आकाराचा पत्रा असतो, ती प्रीअँपच्या (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) ग्राउंड स्क्रूला लावायची असते, आणि अर्ध्या घरांत ती तशीच लोंबकळत असते. ती लावूनही घुंई आहे? लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. गेली तर ग्राउंड लूप होता, म्हणजे घुंई चार्जरच्या अर्थिंगमधून येत होती. जुन्या बिल्डिंगींत अजून एक गंमत असते, बोर्डाला भोकं तीन असतात पण मागे अर्थिंगची वायरच आलेली नसते, ते इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, रेकॉर्डींसाठी नाही तर निदान जिवासाठी.

आता एक गोष्ट जी भल्याभल्यांना चकवते. बऱ्याच नवीन टर्नटेबलांना ७८चा स्पीड नसतो, मग लोक ३३⅓ वर वाजवून रेकॉर्ड करतात आणि नंतर ऑडॅसिटीत चेंज स्पीडने ७८ करतात. पद्धत वाईट नाही, तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या रेकॉर्डला तर मुद्दाम हळू वाजवतात, सुई उडत नाही. पण स्पीड २.३४ पट झाला की त्यात शिरलेली आपली ५० हर्ट्झची घुंईसुद्धा २.३४ पट होते, म्हणजे ११७ हर्ट्झ. ४५ वर वाजवलं असेल तर साधारण ८७. मग माणूस ५० आणि १०० हर्ट्झला नॉच फिल्टर (तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा) मारत बसतो आणि घुंई ढिम्म हलत नाही, कारण ती तिथे राहिलेलीच नाही, आणि ११७ हर्ट्झ म्हणजे पुरुषी आवाजाची आणि डग्ग्याची जागा, तिथे कापलं की गाणं पोकळ होतं. त्यामुळे घुंई काढायची ती स्पीड बदलायच्या आधी, ५०लाच.

आता सुई, खरा मुद्दा. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या ३३⅓च्या रेकॉर्डींच्या, सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं. ७८च्या खाचेला लागतं ७५ मायक्रॉनच्या आसपासचं, म्हणजे चौपट. एलपीची सुई ७८च्या खाचेत टाकली की ती भिंतींना टेकतच नाही, थेट तळाला जाते, जिथे इतक्या वर्षांची धूळ आणि झिजलेल्या लाखेची पूड बसलेली असते, आणि तिथे डावी-उजवीकडे धडपडत चालते. ऐकायला कसं लागतं तर एकसारखी जाड खरखर, आणि गवयाने वरचा षड्ज लावला, आवाज चढवला की नेमका तिथे सूर फाटतो. लोकांना वाटतं रेकॉर्ड घासली गेलीय. नाही हो, सुई चुकलीय.

यूएसबीवाल्या स्वस्त टर्नटेबलावर ७८चं बटण असतं पण सुई एलपीचीच असते. बटण आहे म्हणजे मशीन ७८ वाजवतं असं धरून चालू नका. वेगळी ७८ची सुई बसते का ते बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत बॉडी तीच राहते आणि पुढची सुई नुसती ओढून बदलता येते, त्यात एसपी नावाची आहे ती ७८ची. बदलल्यावर वजन परत लावायला विसरू नका, एलपीच्या सुईला २ ग्रॅमच्या आसपास लागतं आणि या एसपीला ५, वजन कमी राहिलं तर सुई भिंतीला टेकून राहणारच नाही आणि तुम्ही म्हणाल सुई बदलूनही फरक नाही.

आणि ज्यांना या नादात खोल जायचंय त्यांच्यासाठी, एका सुईवर थांबू नका. या रेकॉर्डी त्या काळी पोलादी पिनांनी वाजवल्यात, डबीतली पिन एका बाजूला एक असा नियम होता आणि घरोघरी तो धाब्यावर बसवून एकच पिन दहा-दहा गाण्यांना चालवलेली असते. त्या पिनेने खाचेची भिंत एका ठराविक उंचीवर खाल्लेली असते. थोडी बारीक किंवा थोडी जाड सुई लावली की ती त्या खाल्लेल्या पट्ट्याच्या खाली किंवा वर चालते, जिथे भिंत अजून शाबूत आहे. त्याच रेकॉर्डचा तोच मुखडा २.५ मिल आणि ३.५ मिलच्या सुईने वाजवून बघा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण ३ मिल), कधी कधी दोन वेगळ्या रेकॉर्डी आहेत असं वाटतं. टोक छाटलेल्या सुया मिळाल्या तर उत्तम, त्या तळाच्या धुळीला शिवतच नाहीत. सुया महाग आहेत मान्य, पण सॉफ्टवेअरवर घालवणार ते पैसे इथे घाला असं माझं ठाम मत आहे.

थोडी सळसळ राहणारच, हेही मनाशी धरा. ही लाख आपल्याकडचीच, पण त्यात दगडाची पूड मिसळलेली असायची, त्या पुडीने पोलादी पिन घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. म्हणजे तो आवाज मालातच आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही, आठवण म्हणून ठीक आहे.

सुई बरोबर लागली की दुसरा फुकटचा फायदा घ्या. ७८ मोनो आहे पण तुमचं कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, स्टिरिओ आहे, ते खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या वाचतं. संगीत सुईला आडवं हलवतं, धूळ आणि खड्डे उभं उडवतात. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केले की उभी हालचाल बरीचशी आपापसांत कापली जाते, कसलंही सॉफ्टवेअर न लावता खरखर उतरते. पण रेकॉर्ड करताना स्टिरिओतच करा, कारण कधी एक भिंत जास्त झिजलेली असते, तेव्हा नुसता डावा किंवा नुसता उजवा चॅनेल मिक्सपेक्षा स्वच्छ निघतो. पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या रेकॉर्डी हातात आल्या तर उलटं, त्यांत संगीतच उभं कोरलेलं असतं, तिथे साधं मोनो केलंत तर गाणंच नाहीसं होईल, एक चॅनेल इन्व्हर्ट करून मग मिसळायचं.

"आवाज कोंदट येतो" ही तक्रार असेल तर दोष बहुतेक प्रीअँपचा, म्हणजे प्रीअँप चांगला आहे पण तो एलपीसाठी आहे. त्यात आरआयएए नावाचा कर्व्ह, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती उचलायची आणि किती दाबायची याचा ठरलेला आराखडा, बसवलेला असतो, तो १९५०च्या दशकात ठरला, १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल खाली दाबतो आणि १०० हर्ट्झला १३ डेसिबल वर उचलतो. १९२५च्या आधीच्या रेकॉर्डी कर्ण्यात गाऊन कोरलेल्या, मध्ये वीजच नाही, त्यांना असला कर्व्ह कोणी लावलेलाच नव्हता. त्यांच्यावर आरआयएए लावला की वरचं सगळं दाबलं जातं आणि खालची घरघर उगाच फुगते. नंतरच्या इलेक्ट्रिकल, म्हणजे माइक लावून कोरलेल्या, रेकॉर्डींना कर्व्ह असतो पण वेगळा, एचएमव्हीच्या रेकॉर्डींना साधारण २५० हर्ट्झच्या खाली उचल द्यायची आणि वरचं जसं आहे तसं ठेवायचं, एवढ्यावर बऱ्यापैकी काम होतं. लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीत नंबर कोरलेला असतो, त्याच्याजवळ छोटा त्रिकोण किंवा चौकोन दिसला तर ती इलेक्ट्रिकल. ६०च्या दशकापर्यंत आपल्याकडे ७८ निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा, त्या उशिराच्या रेकॉर्डींना आरआयएए चालून जातो.

फ्लॅट, म्हणजे कुठलाच कर्व्ह न लावणारा, प्रीअँप नसेल तर ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएएचा तयार कर्व्ह आहे, तो घेऊन इन्व्हर्ट दाबायचं की प्रीअँपने केलेलं उलटं होतं. ३३⅓ वर वाजवलं असेल तर हेही स्पीड बदलायच्या आधी. आणि हे केल्यावर खरखर एकदम वाढलेली वाटेल, घाबरू नका, ती आधीपासून होतीच, आरआयएएच्या पांघरुणाखाली तुमच्या ताना आणि खरखर दोन्ही झोपले होते.

आता सूर. दोन वेगळे रोग आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे सूर डुलतो, दुसरा म्हणजे सूर स्थिर आहे पण पट्टीच चुकलीय.

डुलत असेल तर वाजत असताना बाजूने वाकून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बघा. तो हळूच डावीकडे-उजवीकडे झुलत असेल, दर फेरीला एकदा, म्हणजे पाऊण सेकंदाला एकदा, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. भोक फक्त १ मिलिमीटर सरकलेलं असलं तर दहा इंची रेकॉर्डच्या सुरुवातीला सूर वर-खाली १४ सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट) हलतो, आणि लेबलजवळ, जिथे त्रिज्या ६० मिलिमीटरच्या आसपास उरते, तिथे २९ सेंट. प्रमाणश्रुती २२ सेंटची असते, म्हणजे शेवटची तान चालली असताना सूर एका श्रुतीपेक्षा जास्त झोके खातोय, आणि आपण म्हणतो बुवांचा आवाज कापत होता. पुष्कळदा भोक जरा सैल असतं, मोटर बंद करून रेकॉर्ड बोटाने थोडी सरकवायची, परत वाजवून टोनआर्म बघायचा, दोन-चार खेपांत झोका मरतो. भोक घट्ट असेल तर खाली दोन-तीन भंगार एलपी ठेवून रेकॉर्ड मधल्या खिळ्याच्या वर उचलायची, मग ती कुठेही सरकते, फक्त टोनआर्मची उंची त्या मानाने वाढवून घ्या. कानस घेऊन भोक मोठं करणारे महाभाग आहेत, कृपा करून ते नको, एकदा कोरलं की परत भरता येत नाही. आयझोटोप आरएक्ससारख्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये हा झोका काढायची सोय आहे, पण मींड आणि आंदोलन असलेल्या आपल्या गाण्यात त्याला कुठला झोका गळ्याचा आणि कुठला भोकाचा हे नेहमी कळतंच असं नाही.

पट्टीचा मामला जास्त अवघड. ७८ हा आकडा सुरुवातीला कोणी पाळतच नव्हतं. गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गने कलकत्त्यात १९०२ला केलं, त्या काळातल्या रेकॉर्डी ७०च्या घरात कुठेही असू शकतात, आणि कोरायचं मशीन वजनावर चालणारं. ७४ने कोरलेली रेकॉर्ड ७८ने वाजवली तर जवळजवळ अर्धा सूर चढते, काळी एकचा माणूस पांढरी दोनच्या जवळ जातो, वर लय चढते आणि तबला टिणटिणायला लागतो. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी वेगवेगळ्या अपलोडमध्ये वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतात त्याचं कारण हेच, ज्याच्या टर्नटेबलाचा जो स्पीड तो.

पेटी साथीला असेल तर ती आधार, पण पूर्ण नाही, कारण तेव्हाच्या पेट्या आजच्या ४४०ला लावलेल्या असतील असं काही नाही. पेटीवरून एवढंच कळतं की पट्टी अमुक सुराच्या आसपास, आता तो सूर वरचा का खालचा ते गाण्यावरून ठरवायचं. सगळ्यात जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव सांगते, तो बोललेला तुकडा सोन्यासारखा, कारण गाण्यात चढलेला स्पीड कानाला फसवतो पण बोलणं चढलं की लगेच कार्टून वाटतं. त्याच कलाकाराच्या नंतरच्या इलेक्ट्रिकल रेकॉर्डी शेजारी वाजवून बघा. आणि नुसता सुरुवातीचा षड्ज मोजून थांबू नका, शेवटचाही मोजा, तीन मिनिटांत पट्टी सरकलेली असू शकते.

तुमचा टर्नटेबल खरंच ७८ फिरतोय का हे तपासायला स्ट्रोबची तबकडी मिळते, प्रिंटही काढता येते, तिच्यावर रेघा असतात आणि ती फिरताना विजेच्या दिव्याखाली बघायची असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची लागते, ती स्थिर दिसली की स्पीड ७७.९२. अमेरिकन साइटवरून उतरवलेली ९२ रेघांची असते, ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे निरुपयोगी. आणि हे एलईडीखाली करू नका, बरेचसे एलईडी विजेच्या ठेक्यावर लुकलुकतच नाहीत, रेघा नुसत्या धूसर दिसतात आणि माणूस टर्नटेबल रिपेअरला टाकतो. जुनी चोकवाली ट्यूब किंवा लाल निऑनचा इंडिकेटर वापरा.

धुण्याबद्दल एकच गोष्ट जोरात सांगतो. स्पिरिट नाही, आयसोप्रोपिल नाही, सॅनिटायझर नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले तेच तर करतात. एलपीसाठी मिळणाऱ्या ऑनलाइन लिक्विडांमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, बाटली वाचून घ्या. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य लिक्विड सोपचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत, आणि लगेच मऊ कपड्याने टिपून घ्यायचं. तडा गेलेल्या रेकॉर्डला पाणी लावूच नका. चोर बाजारातून पावसाळ्यात उचललेल्या रेकॉर्डींवर पांढरी बुरशी असते, ती धुतल्यावर पहिल्या वाजवणीत सुईवर लोण्यासारखा राखाडी गोळा जमतो, तो ब्रशने काढून दुसऱ्यांदा वाजवलेलंच रेकॉर्डिंग ठेवा.

आता कुठे सॉफ्टवेअर. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, आणि लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठी टिकसुद्धा लाल होणार नाही, कारण चपटी झालेली टिक डीक्लिकरला (टिका काढणारं टूल) टिक म्हणून ओळखूच येत नाही. टिका काढायच्या सगळ्यात आधी, स्टिरिओतच, कर्व्ह आणि मोनो करायच्या अगोदर, तेव्हा त्या टोकदार असतात आणि सहज पकडल्या जातात.

नॉइज रिडक्शनचा नमुना घेताना आपल्याकडे एक हमखास घोटाळा होतो. गाणं सुरू व्हायच्या आधीची दोन सेकंदं निवडतात, आणि त्यात तंबोरा आधीच सुरू झालेला असतो. प्रोग्रामला वाटतं तंबोरा म्हणजे नॉइज, मग तो पूर्ण गाण्यातून तंबोरा उपसतो आणि त्याबरोबर गळ्यातला खर्जही. नमुना फक्त रिकाम्या खाचेचा घ्या, सुई टेकल्यापासून पहिला स्वर यायच्या आत, किंवा शेवटची. मग नॉइज रिडक्शनचा आकडा ६ डेसिबलवर आणा, आणि रिड्यूसच्या ऐवजी रेसिड्यू निवडून प्रिव्ह्यू दाबा. आता फक्त काढून टाकलेलं ऐकू येतं. त्यात नुसती सळसळ असली तर ठीक. त्यात ‘स’ आणि ‘श’ ऐकू आले, तबल्याची चाट ऐकू आली, तर तुम्ही गाणं फेकताय, अजून खाली या.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं असेल तर साफ केलेली फाइल पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून तर अजिबात नको, तो वरचं सगळं दाबून टाकतो. कच्च्या स्टिरिओ वेव्हचे ३० सेकंद डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सुरुवातीची रिकामी खाच धरून, आणि सोबत लिहा, सुई किती मिलची, वजन किती, कुठल्या स्पीडला वाजवली, प्रीअँप आरआयएएवाला का फ्लॅट, आणि कोऱ्या पट्टीतला नंबर. फाइलच्या नावातही हेच टाकून ठेवा.